चढाई आणि उतराई

आमच्या घरात यंत्राची आवड कोणालाच नव्हती. वडील शाळामास्तर, मी कारकून. थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, जेव्हा जुनी ट्रक विकत घेतली, तेव्हा आईने आधी देव पाण्यात ठेवले आणि मग गाडीच्या नाकावर हळदकुंकू वाहिले. पुढे सात-आठ वर्षे त्या गाडीने आमचे घर ओढले. म्हणून ती दमू लागली तेव्हा घरातले एखादे वडीलधारे माणूस थकावे तशी आम्हा सर्वांना काळजी लागली.

गाडी टाटाची १२१०. या आकड्याची फोड मला दादानेच सांगितली. पहिले १२ म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि मागचे १० म्हणजे दहा दाही शंभर अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन. कल्याण ते ओतूर, आळेफाटा ही तिची नेहमीची वाट. मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकले की समोर माळशेज घाट उभा राही. जाताना गाडी बहुधा रिकामी असे आणि येताना कांदा भरून येई. १९९२ साली एका ठेकेदाराने जातानाही सिमेंट देऊ केले. रिकामी फेरी भरली म्हणजे धंदा दुप्पट! पण भरलेली गाडी घाटात पहिल्या गिअरवर कुंथू लागली, वाफा सोडू लागली. दादाने ठरवले, मोठे इंजिन बसवायचे. आईने न बोलता पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण पडल्या. माझ्या फंडातले थोडे पैसे मी घातले आणि आम्ही दोघे उल्हासनगर कॅम्प नंबर ३ मध्ये दाखल झालो.

उल्हासनगरचा जन्मच मुळी गरजेतून झालेला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने उभारलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. बराकी गेल्या, इमारती आल्या, पण 'कॅम्प' हा शब्द मात्र लोकांच्या जिभेवरून आजतागायत हललेला नाही. ज्यांचे सगळे मागे राहिले, त्यांनी हाताला येईल ते जोडून, दुरुस्त करून पुन्हा उभे केले. मोडक्याचे चालते करण्याची विद्या इथल्या गल्लीबोळांत मुरलेली आहे.

आमचे मिस्त्री अशांपैकीच एक. साठीकडे झुकलेले, पांढरा लेंगा, खिशात टेप आणि कानावर पेन्सिल. सारे त्यांना 'साईं' म्हणत. शिकारपूरहून आले तेव्हा ते पोरसवदा होते. युद्धानंतर लिलावात निघालेल्या लष्करी पेट्रोल-ट्रकमध्ये डिझेल इंजिने बसवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली ते हे काम शिकले. तेव्हा पर्किन्सच्या पी-६ इंजिनाचा मोठा बोलबाला होता. सहा सिलिंडरचे, पावणेपाच लिटरच्या आसपासचे हे इंजिन पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने आपल्याकडेच बनवले. गंमत अशी की, विलायतेत पीटरबरो येथे १९३२ साली फ्रँक पर्किन्स यांनी कंपनी काढली, तीच मुळी मालगाड्यांतली पेट्रोल इंजिने काढून त्यांच्या जागी बसतील अशी डिझेल इंजिने विकावीत म्हणून. म्हणजे एका गाडीचे काळीज दुसरीत घालण्याचा धंदा काही आपल्याकडच्या जुगाडूंनीच शोधून काढला, असे समजू नये!

दादाने बेत सांगितला. आमच्या गाडीत टाटाचे ६९२ इंजिन होते, त्या जागी ६९७ हवे होते. साईंनी चिमटीने पेन्सिल काढली आणि मला, अडाण्याला, हिशेब समजावला. ६ म्हणजे सिलिंडर सहा. ९२ म्हणजे सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर, आणि ९७ म्हणजे ९७. फरक दिसतो पाच मिलिमीटरचा, पण ९७ मध्ये पिस्टनची धावही जास्त, १२० ऐवजी १२८. त्यामुळे ४.७९ लिटरचे इंजिन एकदम ५.६८ लिटरचे होते. जवळजवळ एकोणीस टक्क्यांची वाढ!

"मग बसवा की!" दादा उतावीळपणे म्हणाला.

साईं गाडीखाली शिरले, बाहेर आले, हात पुसले आणि त्यांनी दादाला विचारले, "सेठ, चढाई तो इंजन करेगा. उतराई कौन करेगा?"

आम्ही गप्प. खरेच, कांदा भरून गाडी येत होती ती उतारावरूनच. चढावर दमली तर फार तर उभी राहील. उतारावर उभी राहिली नाही तर?

त्यांनी मग बोटे मोजली. इंजिनाचा जोर वाढला की तो आधी क्लचप्लेटवर येतो, तिथून गिअरबॉक्सवर, मग जॉइंटवर आणि शेवटी हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनवर. साखळीतली एक कडी जाड केली म्हणून साखळी जाड होत नाही. उलट जी कडी बारीक राहते ती तुटते. मोठे इंजिन जास्त तापते, म्हणून रेडिएटर मोठा हवा. वजनही जास्त, म्हणून पुढचे पाटे आणि फाउंडेशन तपासायला हवे. आणि ब्रेकचे ड्रम तर झिजून फुगलेले होते.

"इंजिनपुरतेच पैसे आहेत," दादा हळूच म्हणाला.

"तर मग जुनेच इंजिन बांधून देतो. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या, पंप आणि नोझल तपासून. अर्ध्या कामाला मी हात लावत नाही."

गिऱ्हाईक परत पाठवणारा मिस्त्री मी पहिल्यांदाच पाहत होतो. दादा रागावून उठला. दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी उसनवारी करून आणखी पैसे जमवले आणि आम्ही पुन्हा कॅम्प तीनची वाट धरली.

इंजिन अपघातात मोडीत निघालेल्या एका गाडीचे मिळाले. त्याहून स्वस्त दुसरे होते, पण त्याला बिल नव्हते. "कागदाविना इंजिन म्हणजे दुसऱ्याच्या घरातली चोरी आपल्या घरात," असे म्हणून साईंनी ते दाराबाहेरच ठेवले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे तेव्हा अशा बदलासाठी आर.टी.ओ.ला आधी कळवून मंजुरी घ्यावी लागे. ती घेतली, नवा इंजिन नंबर आर.सी. बुकात चढला. पुढे २००० सालच्या दुरुस्तीने हा कायदा आणखी कडक झाला.

मग जुने इंजिन चेनपुलीला लटकले आणि गाडीच्या पोटात काळी पोकळी दिसू लागली. दादाने तिकडे पाहिलेच नाही. नऊ-दहा दिवस टेप, छिन्नी आणि वेल्डिंग चालले होते. पंखा रेडिएटरला घासतो का, फाउंडेशनची छिद्रे जुळतात का, सायलेन्सरचा पाइप कुठून न्यायचा, सारे मोजून-मापून. लेथवाल्याकडून ड्रम आले, नवे ब्रेक-लायनर बसले. शेवटी हिशेब झाला तेव्हा कळले, रुपयातले आठ आणे इंजिनाला गेले आणि आठ आणे 'बाकीच्या'ला.

निघताना साईं म्हणाले, "इंजन बडा हुआ, गाडी नहीं. बारा टन की गाडी बारा टन की ही है."

पहिले वर्ष सुखाचे गेले. सिमेंट भरलेली गाडी घाट हसत चढे. पण माणसाचा स्वभाव! "ओढते आहे तर घाला आणखी दहा गोणी," असे होता होता १९९३च्या दिवाळीच्या तोंडावर चाळीतला कांदा बराच जास्त भरला गेला. त्या रात्री मीही दादाच्या शेजारी बसून येत होतो.

घाटाच्या निम्म्यावर जळका वास आला. बारा टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा दीड-पावणेदोनशे लिटर पाणी उकळायला लागावी एवढी उष्णता निर्माण होते. ती इंजिन आणि ब्रेक यांनी मिळून गिळायची. दादा तिसऱ्या गिअरमध्ये होता, म्हणजे इंजिन फारसे धरत नव्हते आणि सारा भार ब्रेकवर. तापलेला ड्रम फुगतो, लायनरची पकड सुटते. दादाने पायडल दाबले आणि ते नेहमीपेक्षा खूप खाली गेले. त्याचा चेहरा मला अंधारातही दिसला.

गाडी अजून आवाक्यात होती, हेच आमचे नशीब. त्याने दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरले, मोठे असल्याने जरा जास्तच धरू लागले. पुढच्या वळणापलीकडे रुंद जागा आली. क्लीनरने उडी मारून चाकाखाली लाकडी ठोकळा घातला, आणि गाडी थांबली. क्लीनर पाण्याचा डबा घेऊन ड्रमकडे धावला, तेव्हा दादा ओरडला, "पाणी नको, ड्रम फुटेल!" हे त्याला साईंनीच सांगितले होते. तासभर आम्ही तिघे दगडावर बसून राहिलो. कोणी बोलले नाही. नवे ड्रम, नवे लायनर नसते तर त्या वळणावर काय झाले असते, हे प्रत्येकजण मनात मोजत होता.

त्यानंतर दादाने एकही गोणी जास्त भरली नाही आणि ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा नियम मोडला नाही. आईच्या पाटल्या पुढच्या वर्षीच्या पाडव्याला सुटल्या.

आता ती गाडी नाही, साईंही नाहीत. एप्रिल २०२० पासून बीएस-६चे नियम आले. नव्या ट्रकचे इंजिन तारा, सेन्सर आणि संगणकाशी असे जखडलेले असते की, टेप आणि पेन्सिल घेऊन ते बदलण्याचे दिवस सरले. पण संसारात कोणी अंगापेक्षा मोठा बेत मांडला, की दादा अजून तोच प्रश्न विचारतो.

हिंदीत उतराई म्हणजे उतरण. आपल्या मराठीत उतराई होणे म्हणजे उपकार फेडणे. आमचे काम परत पाठवायला निघालेल्या त्या मिस्त्रीचे उतराई कसे व्हावे, हे आम्हाला शेवटपर्यंत सुचले नाही. दर दिवाळीला फराळाचा डबा तेवढा कॅम्प नंबर तीनमध्ये जाई.