पंचाची कसोटी

खेळाच्या मैदानावर सर्वांत एकाकी मनुष्य कोण, असें कोणीं विचारल्यास आम्ही पंचाकडे बोट दाखवूं. खेळाडूंस टाळ्या मिळतात. पंचाचा निकाल बरोबर असला, तर त्याची कोणी आठवणहि काढीत नाहीं.

अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळांत पंचगिरी हा जन्माचा धंदा होऊं शकतो. होतकरू पंचास प्रथम त्या विद्येचें शिक्षण घ्यावें लागतें. मग लहान गांवांतील कनिष्ठ सामन्यांत, अल्प वेतनावर, सतत प्रवास करीत वर्षानुवर्षें उमेदवारी करावी लागते. वरिष्ठ सामन्यांसाठीं पंचांच्या जागा सुमारें पाऊणशेंच; त्यामुळें जागा रिकामी झाल्यावांचून वर चढणें कठीण. जिम जॉइस यानें अशी सुमारें दहा वर्षें काढलीं, तेव्हां १९८९ सालीं त्यास कायमची नेमणूक मिळाली.

२ जून २०१० रोजीं डेट्रॉइट येथें त्याची कसोटी लागली. डेट्रॉइटचा गोलंदाज आर्मांडो गॅलारागा यानें क्लीव्हलँडचे २६ फलंदाज ओळीनें बाद केले होते. सत्ताविसावाहि बाद होता, तर तो परिपूर्ण सामना ठरता. असे सामने तोंपर्यंत १३० वर्षांत अवघे २० झाले होते. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धांवला. त्याचा पाय बेसला लागण्यापूर्वीं चेंडू तेथील खेळाडूच्या हातीं आला, तर तो बाद, असा नियम. चेंडू बेसवर उभ्या असलेल्या गॅलारागाच्या हातीं आधीं आला होता. परंतु जॉइसनें हात पसरून नाबाद असा निकाल दिला. गॅलारागा केवळ हंसला, व पुढील फलंदाजास बाद करून त्यानें सामना संपविला.

नंतर जॉइसनें चित्रफीत पाहिली. त्यानें एकहि सबब सांगितली नाहीं. वार्ताहरांपुढें चूक कबूल केली आणि रडत गॅलारागाची क्षमा मागितली. गॅलारागानें त्यास मिठी मारली. दुसरे दिवशीं जॉइस पुन्हां मैदानांत उतरला. संघाची यादी त्याच्या हातीं देण्यास गॅलारागाच आला, तेव्हां जॉइसचे डोळे भरून आले.

तो निकाल बदलण्यांत आला नाहीं. २०१४ पासून मात्र अशा निकालांची चित्रफितीवरून फेरतपासणी होऊं लागली. जॉइसनें २०१६ च्या हंगामापर्यंत पंचाचें काम केलें.

विद्यार्थिमित्रहो, पंचास तीक्ष्ण दृष्टि व नियमांचें ज्ञान हवेंच. परंतु चूक उघड कबूल करणें आणि दुसरे दिवशीं कामावर हजर राहणें, हेंहि त्याच्या कर्तव्यांतच मोडतें. पालकांसहि आमची विनंति आहे, कीं मूल आपण होऊन चूक सांगण्यास आलें, तर त्यांनीं गॅलारागाचें वर्तन आठवावें.