करार कोणता घ्यावा?

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवास, म्हणजे तेव्हाच्या सरकारी दप्तरातल्या उस्मानाबादेस, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तेरच्या गोरोबाकाकांचे नाव दिलेल्या त्या साहित्यनगरीतल्या संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. त्यांचे ‘सुबोध बायबल’ विकत घ्यावे अशा हेतूने जो वाचक दुकानात शिरतो, त्याच्यापुढे प्रथम उभे राहते ते कोडे हेच की, मराठीत बायबल एक नसून अनेक आहेत.

मिशनरी विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८११ साली बाहेर पडला. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी तेच काम नव्याने हाती घेतले. आणि त्यानंतर पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रीलाही उमजावे अशा साध्या मराठीत, केडगावच्या मुक्तिसदनात एकटीच्या हिमतीवर संपूर्ण ग्रंथ उतरविला. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने आपली विद्वत्ता बाजूला ठेवावी, याचेच मला विशेष वाटते.

बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ हे प्रॉटेस्टंट चर्चमध्ये नित्याचे. त्याची भाषा जुन्या वळणाची असली, तरी वर्षानुवर्षे कानावर पडल्याने ती अनेकांना पाठ असते. तीत एक मौज आहे: मोगलाईतल्या कचेऱ्यांनी रूढ केलेला ‘करार’ हा अरबी शब्द आणि ‘शुभवर्तमान’ हा शुद्ध संस्कृत समास एकाच पानावर सुखाने नांदतात.

खरेदीपूर्वी अनुक्रमणिका अवश्य पाहावी. प्रॉटेस्टंट बायबलात सहासष्ट पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर. तोबित व मक्काबी ही नावे आढळली, तर ते कोणत्या परंपरेचे हे विचारावे लागत नाही. नंतर प्रस्तावना वाचावी, कारण अनुवाद मूळ भाषेतून केला की इंग्रजीवरून, हे प्रामाणिक अनुवादक तेथेच सांगतो.

टीपा, नकाशे आणि संदर्भ जोडलेल्या अभ्यास-बायबलाविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. १५६० च्या जिनिव्हा बायबलातील समासटीपा राजसत्तेला खुपल्या, म्हणूनच जेम्स राजाने १६११ च्या इंग्रजी भाषांतरात शब्दार्थ व परस्परसंदर्भ यांखेरीज टीप नको असा दंडक घातला. भाष्य लिहिणे गैर नव्हे. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनीही मराठीत नव्या करारावर टीका लिहिलीच. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला गीतेचा श्लोक कोणता आणि माउलींची ओवी कोणती हे ठाऊक असते. अभ्यास-बायबलात मात्र मूळ वचन आणि टीप दोन्ही एकाच पानावर, एकाच बांधणीत येतात आणि तळाची बारीक अक्षरे दिसतात तितकी निरुपद्रवी असतातच असे नाही. नवख्याने आधी टीपा झाकून मार्कचे शुभवर्तमान वाचावे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांमध्ये तेच सर्वांत लहान आहे.