‘शोगुन’मधलं सेप्पुकू आणि खरी मारिको

२०२४च्या ‘शोगुन’ मालिकेतला सगळ्यात जड प्रसंग रणांगणात घडत नाही. सरदार तोरानागा शरण जात असल्याचं जाहीर करतो. म्हातारा सेनापती हिरोमात्सू विरोध करतो आणि धन्यासमोरच पोटात कट्यार खुपसतो, म्हणजे सेप्पुकू करतो. यातना लांबू नयेत म्हणून मान उडवणारा साथीदार, म्हणजे कैशाकुनिन, लागतो. ते काम त्याच्याच मुलाच्या, बुंतारोच्या वाट्याला येतं! शत्रूला शरणागती खरी वाटावी, यासाठी मोजलेली किंमत म्हणजे हे मरण.

मालिकेतली दुभाषी मारिको तर इतिहासातूनच आली आहे.

होसोकावा ग्रासिया ही तिची मूळ प्रेरणा. १६०० साली ओसाकात तिला ओलीस धरण्याचा प्रयत्न झाला. ती ख्रिस्ती, त्यामुळे आत्महत्या निषिद्ध. अखेर घराण्याच्या सेवकानेच तिला मारलं आणि वाडा पेटवून दिला.

हिरोमात्सूचा प्रसंग असलेला आठवा भाग घाईत बघू नका.