मानापमान आणि संभाषण

ता. १६ मे १७६३ रोजीं लंडनमधील एका पुस्तकाच्या दुकानांत २२ वर्षांच्या बॉस्वेलची डॉ. जॉन्सनशीं प्रथम गांठ पडली. जॉन्सननें त्याच्या स्कॉटलंड देशावरून टोमणा मारून त्यास खजील केलें. तरी आठच दिवसांनीं तो जॉन्सनच्या दारीं गेला! १७९१ सालीं प्रसिद्ध झालेलें जॉन्सनचरित्र हें त्या चिकाटीचेंच फळ होय.

आम्ही नातवास मंदबुद्धि ठरविलें होतें. “मामंजी, तो मंद नाहीं, आपणांस भितो,” असें सूनबाई म्हणाल्या, तेव्हां आम्ही रागानें उठून गेलों. रात्रीं बॉस्वेल आठवला. सकाळीं आम्हींच म्हटलें, “सूनबाई, कालचें बोलणें पुरें करा.”

जन्मभर मुलांस शिकविलें. तीं गप्प कां बसत, हें त्या दिवशीं कळलें.