मालवण किनाऱ्यावरील वृक्षवाढ आणि कर्बसंचय

वृक्षांची वाढ व कर्बाचा संचय या दोन गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न होत. वाढ ही वार्षिक आवक होय. संचय मात्र ती आवक व कर्बाचा वास्तव्यकाल यांच्या गुणाकाराइतका असतो. उदाहरणार्थ, एखादे तरुण रान दर हेक्टरी वर्षास ४ टन कर्ब घेते, परंतु दर ८ वर्षांनी ते तोडून जाळले जाते असे मानू. तेथे कर्बाचे सरासरी वास्तव्य ४ वर्षे, म्हणून सरासरी संचय १६ टन. याउलट जुने वन वर्षास २ टनच घेत असले, पण तो कर्ब ६० वर्षे टिकत असला, तर संचय १२० टन भरतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात या भेदास विशेष महत्त्व आहे. येथील पुष्कळसे रान खाजगी मालकीचे असून त्याची तोड वारंवार होते. ऐन, किंजळ यांच्या बुंध्यांना तोडीनंतर जोमाने धुमारे फुटतात. तथापि ही हिरवी वाढ मोठ्या संचयाची खूण नव्हे. भाजावळीसाठी तोडलेल्या टाळांतील कर्ब तर त्याच वर्षी हवेत परततो. रान साफ करून काजू लाविल्यास लाकडात काही कर्ब पुन्हा साठतो; परंतु सुमारे ३,००० मिलीमीटर पावसात जांभ्या उतारावरील उघडी माती वाहून जाते व तिच्याबरोबर मातीतील कर्बही जातो.

कर्ली व कालावल या खाड्यांतील कांदळवनांची स्थिती निराळी आहे. तेथील बहुतांश कर्ब खोडांत नसून चिखलात असतो. भरतीच्या पाण्याने भिजलेल्या चिखलात प्राणवायूचा शिरकाव होत नाही, त्यामुळे मुळे व पाने अत्यंत मंदगतीने कुजतात. बांध घालून खाजण कोरडे केले की हवा आत शिरते आणि शतकांचा संचय विघटित होऊ लागतो. नवी रोपे लाविल्याने खोडांतील कर्ब काही दशकांत भरून येईल, चिखलातील नव्हे.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर दहा टक्के छत्र असल्यास, मालकी वा वृक्षजाती कोणतीही असो, ते वनाच्छादन गणले जाते. यास्तव जुने रान जाऊन काजूची बाग आली, तरी नकाशावरील हिरवे क्षेत्र कायम राहू शकते. कर्बाचा खरा हिशेब मांडावयाचा, तर क्षेत्राबरोबरच रानाचे वय, तोडीचा कालावधी आणि मातीची खोली यांचीही नोंद आवश्यक ठरते.