फौजीच्या घराने कोणत्या दवाखान्यावर विसंबावे?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले. तेवढे नाव नसले, तरी आपल्या गावोगावी पलटणीतून परतलेले हवालदार, सुभेदार आहेतच. पेन्शन आणि चार एकर रान यांवर त्यांचा संसार चालतो. पेन्शन तारखेला येते, रानात काहीतरी पिकते. पण घरात मोठे दुखणे शिरले, की दोन्ही अपुरे पडते.

अशी एक रात्र डोळ्यांपुढे आणा. सुभेदार आबांच्या छातीत कळ आली आहे, अंग घामाने डबडबले आहे. थोरला मुलगा जीप शोधायला धावला. धाकटा म्हणतो, "दादा, पॉलिक्लिनिकची चिठ्ठी नसली तर पैसे मिळायचे नाहीत. सकाळी नऊला उघडेल, तोवर थांबू." आई कार्ड शोधते आहे, तर ते ट्रंकेच्या तळाशी. ही रात्र कोणत्याही फौजीच्या घरी येऊ शकते. म्हणून आज हा प्रश्न विचारायचा : माजी सैनिकाने सरकारी उपचारांवर मुख्य भरवसा ठेवावा, की खाजगी डॉक्टरच गाठावा?

आधी योजना काय आहे ते पाहू. २००३ पूर्वी निवृत्त सैनिकाला उपचारासाठी मुख्यतः लष्करी रुग्णालयाचाच आधार होता, आणि खेड्यातून तिथवर पोहोचणे सोपे नव्हते. १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिलाच आपण ई.सी.एच.एस. म्हणतो. आज देशभर तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. सातारा, कोल्हापूर, सांगली ही त्यांपैकीच. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे मिळतात. दुखणे मोठे असेल तर तिथले डॉक्टर चिठ्ठी देतात. ती घेऊन लष्करी रुग्णालयात किंवा योजनेच्या यादीवरच्या खाजगी रुग्णालयात जायचे. यादीवरच्या रुग्णालयात बिल योजनेने भरायचे असते.

या योजनेत तीन गोष्टी अशा आहेत, की कोणत्याही खाजगी विम्यात त्या एकत्र मिळणे कठीण. सभासद होताना वयाची अट नाही. आधीचा आजार आहे म्हणून कोणी नाकारत नाही. आणि उपचाराच्या खर्चाला ठरावीक रकमेची मर्यादा नाही. वर्गणी एकदाच भरायची. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे शिपायापासून हवालदारापर्यंत ती ३०,००० रुपये, तर नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत ६७,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ती माफ आहे. पत्नी, पंचवीस वर्षांखालील बेरोजगार मुलगा, अविवाहित बेरोजगार मुलगी आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे आईवडील या सर्वांना तिचा लाभ मिळतो. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांचा खर्च मनात आणा, म्हणजे ही वर्गणी किती थोडी आहे ते कळेल.

काही कामांत तर सरकारी हातच अधिक कसलेला आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना हातपाय बसवून देत आहे. पाठीचा कणा दुखावून अपंग झालेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे.

मग तक्रार कशाची? तक्रारी आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पहिली तक्रार अंतराची. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याला पॉलिक्लिनिक जवळ. पण डोंगरातल्या वाडीवरच्या म्हाताऱ्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी अख्खा दिवस आणि एस.टी.चे भाडे घालवावे लागते. दुसरी तक्रार औषधांची. तिसरी बिलांची : सरकारकडून रुग्णालयांचे पैसे थकले, की काही रुग्णालये कार्डावर रुग्ण घ्यायला कांकू करतात. औषधांचा तुटवडा आणि बिलांची दिरंगाई या गोष्टींवर महालेखापरीक्षकांनीही २०१५ च्या अहवालात बोट ठेवले होते.

म्हणून आमचे सांगणे असे : मुख्य भरवसा याच योजनेवर ठेवा, पण डोळे मिटून ठेवू नका. मोठ्या दुखण्यासाठी रान गहाण टाकण्याआधी कार्ड बाहेर काढा. ताप-खोकल्यासाठी गावचा डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र आहेच. त्याची लाज कशाला? रोजच्या गोळ्या असतील तर दर फेरीला पुढच्या किती दिवसांच्या मिळतील ते विचारून घ्या. औषध नसेल तर तशी नोंद चिठ्ठीवर मागा. रिकाम्या हाताने, नुसते तोंडी उत्तर घेऊन परतू नका.

आता त्या रात्रीकडे वळू. धाकट्या मुलाची समजूत चुकीची होती. जीव धोक्यात असेल तर चिठ्ठीसाठी थांबायचे नसते. यादीवरचे रुग्णालय जवळ असेल तर थेट तिथे जावे आणि कार्ड दाखवावे. पॉलिक्लिनिकला कळवणे हे त्या रुग्णालयाचे काम. यादीवरचे जवळ नसेल तर जे जवळ असेल ते गाठावे. तिथले बिल आपल्याला भरावे लागते. मात्र ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवले आणि सारी कागदपत्रे जपून ठेवली, तर खर्च मागता येतो. तो सरकारी दरानेच मिळतो, सगळा मिळेलच असे नाही; पण जीव वाचतो. साप चावला तर आधी जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठा, कारण सर्पदंशाची लस तिथे मिळण्याचा संभव अधिक. गाडी नसेल तर १०८ क्रमांक फिरवा.

घरच्या मायबहिणींना एक वेगळे सांगणे. पती गेल्यावर पत्नीचा हक्क संपत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीला योजनेचा लाभ आहे. कार्ड मात्र तिच्या नावे बदलून घ्यावे लागते. पेन्शनच्या कागदात पत्नीचे नाव नसेल किंवा चुकीचे असेल, तर ते धनी हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. मागाहून त्या माउलीला कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक. २०२४ पासून आयुष्मान योजनेत सत्तर वर्षांवरील सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले आहेत. पण ई.सी.एच.एस. असणाऱ्याला दोहोंपैकी एकच निवडता येते. कोणी शिबिरात अंगठा मागितला म्हणून घाई करू नका. ई.सी.एच.एस.ला खर्चाची मर्यादा नाही आणि बाहेरची तपासणी व औषधे त्यात आहेत. ते सोडण्याआधी घरात चार वेळा विचार करा.

आणि ज्यांना पेन्शनच नाही त्यांचे काय? ही योजना मुख्यतः पेन्शनरांसाठी आहे. २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांना तिचे दार उघडले. २०२२ च्या अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराला हा लाभ नाही. त्याच्या घराने विम्याची तजवीज वेगळी करावी. पेन्शन नसलेल्या जुन्या सैनिकाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन वैद्यकीय मदतीची चौकशी जरूर करावी.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. तेव्हा आज संध्याकाळी जेवणे झाली की एवढे करा. कार्ड ट्रंकेतून काढून देव्हाऱ्याजवळ ठेवा. पॉलिक्लिनिकचा फोन नंबर आणि जवळच्या यादीवरच्या रुग्णालयाचे नाव मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. ते सुनेला आणि शाळकरी नातवालाही वाचून दाखवा. रात्री-अपरात्री आबांना बोलता आले नाही, तरी घरातल्या कोणाला तरी वाट ठाऊक असली पाहिजे.