कोष्टकाचा कोपरा

पर्जन्यमानाचें एखादें कोष्टक डोळ्यांसमोर आणावें. डाव्या बाजूस जून, जुलै, ऑगस्ट असे महिने एकाखालीं एक लिहिलेले आहेत. माथ्यावर पुणें, नाशिक, नागपूर हीं नांवें ओळीनें आहेत. या दोन रांगा जेथें मिळतात, तें वरच्या कोपऱ्यांतील घर मात्र रिकामें! त्यांत ‘महिना’ लिहावें तर तें शीर्षक केवळ खालच्या नांवांचें होतें. ‘शहर’ लिहावें तर केवळ उजवीकडील नांवांचें. शाळेच्या वेळापत्रकांत ‘वार’ आणि ‘तास’ यांच्यामध्यें हाच तंटा उभा राहतो, व तेथें पट्टी आणि शाई तो मिटवितात. घराच्या डाव्या वरच्या टोकापासून उजव्या खालच्या टोकापर्यंत तिरपी रेघ ओढली, कीं दोन त्रिकोण होतात आणि दोन्ही शब्द सुखानें नांदतात.

कागदावर क्षणांत होणारें हें काम विकिपीडियाच्या पानावर तितकें सरळ नाहीं. तेथें कोष्टक चिन्हांनीं रचावें लागतें. उभ्या रेघेनें साधें घर उघडतें, उद्गारचिन्हानें शीर्षकाचें. परंतु घर तिरपें चिरण्याचें चिन्हच नाहीं; कारण हें कोष्टक शेवटीं ज्या एचटीएमएल भाषेंत उतरतें, तिला आयताकृति घरेंच ठाऊक आहेत.

तेव्हां रेघेचा आभास निर्माण करावा लागतो. मांडणीची जी सीएसएस भाषा, तींत घराच्या पार्श्वभूमीस क्रमाक्रमानें पालटणारी रंगछटा देतां येते. छटेची दिशा उजव्या वरच्या कोपऱ्याकडे ठेवावी, बरोबर मध्यावर काळी बारीक पट्टी घ्यावी व तिच्या दोहों बाजूंस रंग पारदर्शक ठेवावा. म्हणजे पट्टी उरलेल्या दोन कोपऱ्यांना जोडते. दिशा अशी कोपऱ्याच्या नांवानें सांगण्यांतच खुबी आहे. मग घर रुंद होवो वा उंच, रेघ टोकांतूनच जाते. तीच दिशा ४५ अंश म्हणून सांगितली, तर चौरसाखेरीज इतर घरांत टोकें चुकतात.

हा खटाटोप प्रत्येकानें करावयास नको. इंग्रजी विकिपीडियावर ‘डायॅगोनल स्प्लिट हेडर’ नांवाचा साचा आहे. उद्गारचिन्हापुढें तो दुहेरी महिरपी कंसांत लिहून, उभ्या रेघांनीं विभागलेले दोन शब्द त्यास दिले कीं झालें. कोणता शब्द कोणत्या त्रिकोणांत पडला, हें पान जतन करण्यापूर्वीं झलक पाहून ताडावें. ज्या विकीवर असा साचा नसेल, तेथें तो आधीं आणावा लागतो.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. ही रेघ केवळ पार्श्वभूमीचा रंग आहे. पान छापतांना पुष्कळ ब्राउझर पार्श्वभूमी गाळतात, आणि रेघ नाहींशी होते. अंध वाचकासाठीं मजकूर उच्चारून दाखविणारा स्क्रीन रीडर तर ती कधींच सांगत नाहीं. त्या वाचकाच्या कानीं ‘महिना शहर’ असे दोन सुटे शब्द तेवढे पडतात. म्हणून कोष्टकाच्या माथ्यावर ‘महिना व शहर यांनुसार पर्जन्यमान, मिलिमीटरमध्यें’ असा स्पष्ट मथळा द्यावा, आणि कोणतें शीर्षक ओळीचें व कोणतें स्तंभाचें, हेंही संहितेंत नोंदवावें. रेघ पुसली तरी अर्थ पुसला जाऊं नये. कोष्टक डोळस वाचकाचें जितकें, तितकेंच ऐकणाराचेंही आहे.